'स्वर्ग आणि नरक': मराठी सबटायटल्सच्या कामाच्या नोंदी

२२ सप्टेंबर २०२४

मंडळाच्या बैठकीत ठरलं. जानेवारीत वाचनालयाच्या हॉलमध्ये जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावाचा 'तेंगोकु तो जिगोकु' हा सिनेमा दाखवायचा आणि मराठी सबटायटल्स आपली आपण करायची. काम माझ्याकडे आलं, कारण दिवसभर छापखान्यात बसून मराठी अक्षरं जुळवणारी मंडळात मी एकटीच.

नावाचा सरळ अर्थ 'स्वर्ग आणि नरक'. इंग्रजीत त्याचं 'हाय अँड लो' झालं. १ मार्च १९६३ ला जपानात प्रदर्शित, १४३ मिनिटं, कृष्णधवल. कथेचं बीज एड मॅकबेन या अमेरिकन लेखकाच्या १९५९ च्या पोलिसी कादंबरीतलं, पण कुरोसावाने ते योकोहामाच्या मातीत पेरलं. बूट बनवणाऱ्या कंपनीतला बडा अधिकारी गोंदो टेकडीवरच्या बंगल्यात राहतो. कंपनी हातात यावी म्हणून त्याने घरदार गहाण टाकून पाच कोटी येन उभे केलेत. त्याच रात्री फोन येतो. मुलगा पळवलाय, तीन कोटी हवेत. गोंदो क्षणात तयार होतो. तेवढ्यात त्याचा मुलगा जुन खेळून घरात शिरतो. दोन पोरांनी खेळता खेळता कपडे बदलले होते, त्यामुळे पळवणाऱ्याने ड्रायव्हरचं पोर उचललंय. खंडणीचा आकडा मात्र तोच राहतो.

आपल्या मुलासाठी क्षणात निघालेले तीन कोटी ड्रायव्हरच्या मुलासाठी निघतात का? सिनेमा खरा इथे सुरू होतो.

२९ सप्टेंबर

घरी इंग्रजी सबटायटल्सवर पाहिला. आई शेजारी बसली होती. वीस मिनिटांत तिने विचारलं, "हा वाकून उभा राहिलेला माणूस नोकर आहे की भाऊ?" प्रश्न बरोबर होता. इंग्रजीत मालकाला, नोकराला, बायकोला, चोराला सगळ्यांना एकच 'यू'. जपानीत माणूस तोंड उघडताच त्याची पायरी कळते. आपल्याकडेही कळते. तू, तुम्ही, आपण, अगं, अहो, रे. म्हणजे इंग्रजीत जे वाहून गेलं ते मराठीत परत भरता येईल. या कामाचा खरा फायदा हाच आहे, आणि ते नुसतं इंग्रजीवरून करून चालणार नाही. पुण्याला मावसबहिणीला फोन केला. ती जपानी शिकवते. रविवारी तास दीड तास देईन म्हणाली.

६ ऑक्टोबर

बारीक कामं. एकूण १,६३८ ओळी. टंक, म्हणजे फॉन्ट, मुक्ता, दोनच ओळी, प्रत्येक ओळीत जास्तीत जास्त बत्तीस अक्षरं. देवनागरीत मात्रा वरखाली जातात, त्यामुळे दोन ओळींतलं अंतर वाढवावं लागलं. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीवर बसतो.

नावं ठरली: गोंदो, त्याची बायको रेइको, ड्रायव्हर आओकी, त्याचा मुलगा शिनइची, इन्स्पेक्टर तोकुरा, पळवणारा ताकेउची. शिनइचीवर वाद झाला. बहीण म्हणते 'शिन्‌-इची' असा तुटक उच्चार आहे. हायफन पडद्यावर डोळ्यात खुपतो म्हणून जोडून लिहिलं.

आकड्यांत मराठीची सोय आहे. इंग्रजीतले 'थर्टी मिलियन' आपल्याकडे सरळ तीन कोटी. पण आजच्या कोल्हापुरात तीन कोटी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एखादा प्लॉट येतो. हे तीन कोटी गेले तर या माणसाच्या हाती घरसुद्धा राहणार नाही, एवढं ध्यानात यायला हवं. म्हणून 'गहाण' हा शब्द पहिल्या पंधरा मिनिटांत दोनदा येईल असं पाहिलं. मूळ अर्थ कुठे हलत नाही.

१३ ऑक्टोबर

कोण कोणाला काय म्हणतो याचा तक्ता केला. गोंदो आओकीला: तू. आओकी गोंदोला: आपण की तुम्ही? आधी 'आपण' लिहिलं. वाचल्यावर दरबारी वाटलं, नाटकात असतं तसं. तूर्त 'तुम्ही'.

पळवणारा फोनवर गोंदोला काय म्हणेल? मी डोळे झाकून 'तू' लिहिलं होतं, खंडणी मागणारा माणूस म्हणून. बहिणीने थांबवलं. म्हणाली, "हा गल्लीतला गुंड नाही. इस्पितळात शिकाऊ डॉक्टर आहे." मग सगळे फोन 'तुम्ही'मध्ये बदलले आणि मोठ्याने वाचले. अंगावर काटा आला. 'तू देशील' यात दमदाटी आहे. 'तुम्ही द्याल' यात त्या माणसाला गोंदोच्या मनातलं आधीच कळल्यासारखं वाटतं.

२० ऑक्टोबर

आमच्या चाळीतले एक दादा बारा वर्षं एका डॉक्टरांची गाडी चालवतात. त्यांना पहिली चाळीस मिनिटं दाखवली आणि आओकीच्या ओळी त्यांच्याच हातात दिल्या.

पहिलीच दुरुस्ती: 'मालक' काढा. "मालक ट्रकवाले म्हणतात ताई. घरच्या गाडीवर साहेब."

दुसरी दुरुस्ती मला सुचली नसती. आओकी मुलासाठी याचना करतो तिथे मी पूर्ण वाक्यं लिहिली होती, क्रियापदासकट. दादा बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "असं पुरं बोलवत नाही. साहेबापुढे माणूस अर्ध्यावर थांबतो. उरलेलं साहेबानं समजून घ्यायचं असतं." आता तिथे फक्त 'साहेब, माझं पोर…' एवढंच आहे. पुढचं क्रियापद कापलं. आओकी जमिनीवर कोसळतो तेव्हा पडद्यावर अक्षर नाही. ती तीन सेकंद मोकळी सोडली.

'मुलगा' की 'पोर' हाही निर्णय त्याच बसण्यात झाला. गोंदोच्या घरात जुन 'मुलगा' आहे. आओकीच्या तोंडी शिनइची 'पोर' आहे. पोलीस दोघांनाही 'मुलगा' म्हणतील. गोंदोच्या तोंडी शिनइची आधी 'ड्रायव्हरचा मुलगा' आणि नदीकाठी तो सापडतो तेव्हा नुसतं नाव. मराठी शब्दांत एवढं घडलं तरी पुरे.

२७ ऑक्टोबर

बूट. सिनेमाच्या सुरुवातीला कंपनीचे संचालक नवा स्वस्त बूट पुढे करतात. गोंदो तो हातांनी ओढून तोडतो आणि आत काही दम नाही हे दाखवतो. मग खंडणीच्या दोन बॅगांत रसायनं लपवायची वेळ येते, तेव्हा तो आपली जुनी हत्यारांची पेटी मागवतो आणि खाली बसून स्वतः चामड्याला टाके घालतो. हा माणूस कारागीर म्हणून सुरुवात करून वर आलेला आहे. एवढे पोलीस भोवती उभे असताना तो पुन्हा उमेदवारी करणाऱ्या पोरासारखा जमिनीवर बसलाय.

कोल्हापुरात राहून इथे चूक झाली तर लाज जाईल. सुभाषनगरात चपलांचं काम करणाऱ्या एका काकांकडे लॅपटॉप घेऊन गेले. त्यांनी तो प्रसंग तीनदा पाहिला. हातातलं काम बाजूला ठेवून म्हणाले, "याला येतं. आरी धरायची ढब बघा." टोचायची ती आरी, कापायची ती रापी, हे शब्द मलाही ठाऊक होते. पण इंग्रजी सबटायटलवरून मी 'सुई-दोरा' लिहिलं होतं, तिथे त्यांनी हात वर केला. "सुईनं कापड शिवतात." ती ओळ नव्याने लिहिली. बुटासाठी 'तळ' आणि 'टाच' घेतले, 'सोल' आणि 'हील' काढले. संचालक मात्र 'डिझाइन', 'मार्केट' असेच बोलतील. त्यांना तळ आणि टाच या शब्दांशी देणंघेणं नाही, ते त्यांच्या भाषेतूनच दिसू दे.

५ नोव्हेंबर

दिवाळीत कामाला हात लागला नाही. पण एक गोष्ट लिहून ठेवते. ती डोक्यात असताना हे काम मन लावून करणं मला सोपंही जातं आणि जडही.

१९९६ साली मी नऊ वर्षांची होते. त्या वर्षाच्या शेवटी लहान मुलं पळवण्याचं आणि मारण्याचं प्रकरण उघडकीला आलं. दोघी बहिणी आणि त्यांची आई. कोल्हापुरात आमच्या पिढीला तेवढं सांगितलं की पुरतं. बसस्टँड, देवळं, गर्दीची ठिकाणं इथून मुलं उचलायची, चोरी करताना ढाल म्हणून वापरायची आणि अडचण व्हायला लागली की मारायची. बहुतेक पोरं गरिबाघरची. २००१ मध्ये इथल्या सत्र न्यायालयाने दोघी बहिणींना फाशी सुनावली. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली.

त्या हिवाळ्यात आईने मला दोन महिने अंबाबाईच्या देवळात नेलं नाही. गर्दीत माझं मनगट इतकं घट्ट धरायची की बांगडीचा वळ उठायचा. त्या मुलांसाठी कोणी खंडणी मागितली नव्हती. मागायला त्यांच्या आईबापांकडे काही नव्हतंच. म्हणून या सिनेमात पळवणारा ड्रायव्हरच्या पोरासाठी तेवढेच तीन कोटी मागतो, त्या वाक्याला मी जपून हात लावते. या पोराचीही किंमत तेवढीच, असं सबंध घरात पहिल्यांदा तो गुन्हेगार बोलतो. गोंदोच्या तोंडून तेच निघायला रात्र जावी लागते.

२६ नोव्हेंबर

निवडणुकीच्या बंदोबस्तातून शेजारचे हवालदार साहेब आता मोकळे झाले. २० ला मतदान, २३ ला मोजणी. त्याआधी त्यांची भेट अशक्यच होती. आज दोन तास बसले.

त्यांना पोलिसांचं काम खूप पटलं. बंगल्याची काचेची खिडकी खालच्या वस्तीतून दिसते. चोर तिथून बघत असणार. म्हणून पोलीस मोठ्या दुकानाची डिलिव्हरीची माणसं बनून आत येतात, आणि पडदा उघडायची वेळ आली की साहेबलोक जमिनीवर लोळण घेतात. सुरुवातीचा जवळजवळ तासभर कॅमेरा त्या दिवाणखान्याबाहेर फारसा जात नाही, तरी श्वास अडकतो तो या पडद्यामुळे. इथे माझी एक चूक त्यांनीच पकडली. मी 'पडदा ओढा' लिहिलं होतं. ओढा म्हणजे लावा की उघडा? मराठीत दोन्ही. एका पोराच्या जिवाचा प्रश्न असलेल्या खोलीत असा शब्द चालणार नाही. आता 'पडदे लावा' आणि 'पडदे उघडा'.

'खंडणी' त्यांनी लगेच मान्य केलं. खंडणीसाठी अपहरणाचं स्वतंत्र कलम आपल्याकडे १९९३ मध्ये आलं, ३६४-अ. या १ जुलैपासून न्याय संहितेत ते १४०(२) झालं. जपानच्या कायद्यात असं वेगळं कलम हा सिनेमा आला तेव्हा नव्हतं. प्रदर्शनाला महिना होतो न होतो तोच, ३१ मार्च १९६३ ला, तोक्योत चार वर्षांचं एक मूल पळवलं गेलं आणि परत आलंच नाही. पुढच्या वर्षी तिथे कायदा बदलला. म्हणून सिनेमातला इन्स्पेक्टर सारखा शिक्षा कमी पडेल याचा विचार करतो आणि ओळख पटल्यावरही ताकेउचीला मोकळा फिरू देतो, खुनाचा गुन्हा पक्का व्हावा म्हणून.

इथे मी आणि हवालदार साहेब वेगवेगळ्या बाजूंना गेलो. पोलीस मागावर असतानाच ताकेउची हेरॉइनचा जोर बघायला गर्दच्या वस्तीतल्या एका बाईवर प्रयोग करतो. ती मरते. ते म्हणाले, पुराव्यासाठी थांबावं लागतं. मला वाटतं, बंगल्यातल्या पोरासाठी आणि ड्रायव्हरच्या पोरासाठी ज्यांनी जिवाचं रान केलं, त्यांच्याही हिशोबात ही बाई धरलेली नव्हती. कुरोसावाने तिला दाखवलंय, नजर हटवलेली नाही. त्या भागात मी एकही ओळ जास्तीची घातली नाही.

जाताना साहेबांनी एक शब्द दिला. नदीकाठी पोर सापडतं तिथे मी 'मुलगा ठीक आहे' लिहिलं होतं. ते म्हणाले, "आम्ही घरच्यांना फोन करतो तेव्हा पहिला शब्द 'सुखरूप'. तो ऐकेपर्यंत माणूस पुढचं काही ऐकत नाही." ओळ १,०४२: 'सुखरूप आहे.'

८ डिसेंबर

आगगाडी. 'कोदामा' एक्सप्रेस, बुलेट ट्रेन सुरू होण्याच्या आधीची. गोंदो पैसे घेऊन डब्यात, पोलीस आजूबाजूला. गाडीतच फोन येतो. साकावा नदीच्या पुलाजवळ मुलगा दिसेल, बघून घ्या आणि पूल ओलांडल्यावर बॅगा फेका. खिडक्या उघडत नाहीत. फक्त प्रसाधनगृहाची उघडते, सात सेंटिमीटर. बॅगा सात सेंटिमीटरपेक्षा कमी जाडीच्या का मागितल्या होत्या ते तेव्हा कळतं. मी फूटपट्टी हाताला लावून पाहिली, साधारण चार बोटं. एवढ्या फटीतून त्या माणसाचं घर, नोकरी, आयुष्यभराची कमाई बाहेर जाते.

हा प्रसंग खऱ्या धावत्या गाडीत, अनेक कॅमेरे एकदम लावून चित्रित केलाय. सबटायटल करताना ते बोचतं, कारण सगळे एकाच वेळी ओरडतात. पाच माणसांची वाक्यं चार सेकंदांत. सगळी लिहिली तर प्रेक्षक वाचत राहील आणि नदीकाठचं पोर त्याच्या नजरेतून सुटेल. सतरा ओळींच्या सहा केल्या. काय उरलं: पूल. मुलगा. दिसला. फेका. दोन शब्दांच्या वर एकही ओळ नाही.

बहिणीला थोडं वाईट वाटलं, "एवढं कापलंस?" तिला फाइल पाठवली आणि सांगितलं, न थांबवता बघ. रात्री तिचा निरोप आला: राहू दे.

१५ डिसेंबर

तपासणीत घोळ. पहिलं वाक्य ओठांवर बरोबर बसतं, आणि शेवटच्या भेटीपर्यंत सबटायटल साडेआठ सेकंद पुढे-मागे. दोन दिवस मी माझ्याच नोंदी तपासत होते. दोष फ्रेमच्या वेगाचा निघाला. मी वेळा लावल्या ती प्रत सेकंदाला २४ फ्रेमची आणि दाखवायची प्रत २३.९७६ ची. फरक हजारात एक, पण १४३ मिनिटांत साडेआठ सेकंद साचतात. 'सबटायटल एडिट'मध्ये एका आज्ञेत सगळ्या वेळा बदलल्या. मग शंभर-शंभर ओळींवर थांबून कानाने तपासलं.

कानाचा विषय निघाला म्हणून. फोनच्या रेकॉर्डिंगमागे एक खडखडाट आहे. रेल्वेचा माणूस ऐकून सांगतो, ही एनोदेन लाइनची गाडी. तो आवाज येतो तेव्हा सबटायटल नको, लोकांना ऐकू द्या. हॉलचे पंखे तेवढ्या वेळापुरते बंद ठेवायचे. जानेवारी आहे, चालेल.

२९ डिसेंबर

शेवटची भेट. सर्वात जास्त वेळ इथेच गेला, चार रविवार धरून.

फाशीची शिक्षा झालेला ताकेउची आणि सगळं गमावलेला गोंदो समोरासमोर बसतात, मध्ये काच. एकाचं प्रतिबिंब दुसऱ्याच्या चेहऱ्यावर पडतं. ताकेउची अदबीने बोलतो. हिवाळ्यात थंडीने आणि उन्हाळ्यात उकाड्याने झोप येत नसलेल्या खोलीतून वर बघितलं की तुमचं घर स्वर्गासारखं दिसायचं, असं काहीसं. तिथे 'तुम्ही' पक्कं. गोंदो त्याला काय म्हणेल?

माझा मोह सांगते. गोंदोने इथे 'तुम्ही' म्हणावं असं मला फार वाटत होतं. वरून खाली आलेला माणूस समोरच्याला बरोबरीचा मानतो, ते दिसलं असतं. आणि आओकीलाही त्याने नदीनंतर 'तुम्ही' म्हणावं असं एका रात्री लिहूनही टाकलं. बहीण म्हणाली, मूळात तो आओकीशी बोलण्याची तऱ्हा बदलत नाही. आणि ताकेउचीला तो 'किमी' म्हणतो: धाकट्याला, हाताखालच्याला म्हणतात तसं, त्यात अपमान नाही. म्हणजे आपलं 'तू'.

माझी दोन्ही 'तुम्ही' काढली. ती माझी इच्छा होती, गोंदोची नाही. त्याने तीन कोटी दिले, घर गेलं, पण जीभ लहानपणापासून वळलेली असते. तक्त्यात 'तू' आहे तसं ठेवलं. फक्त शेवटच्या प्रसंगातले 'अरे' आणि 'रे' सगळे काढले, पाच होते. आपण एकमेकांचा द्वेषच करायला हवा असं तू का धरून चालतोस, असं गोंदो विचारतो. त्यात 'रे' असता तर वडीलधाऱ्याची समजूत झाली असती. 'रे' काढल्यावर तो खरंच विचारतो.

मग ताकेउची किंचाळतो, मध्ये पोलादी पडदा खाली येतो आणि गोंदो प्रेक्षकांकडे पाठ करून बसलेला उरतो. तिथे ओळ नाही.

१२ जानेवारी २०२५

हॉलमध्ये चाचणी. मागच्या रांगेतून अक्षरं बारीक दिसली, दोन पॉइंट वाढवली. धुराचा प्रसंग तपासला: सगळ्या कृष्णधवल सिनेमात फक्त चिमणीतून निघणारा तो धूर गुलाबी आहे. बॅगांत लपवलेल्या रसायनामुळे तो रंग येतो, आणि बॅगा जाळल्या गेल्या हे त्यावरून कळतं. आमच्या प्रोजेक्टरवर तो फिकट करडा दिसत होता. रंगाची पातळी चढवल्यावर आला. हे आज पाहिलं नसतं तर अनर्थ होता.

सोळा वर्षांवरच्यांनाच प्रवेश, पाटीवर लिहायचं. दुसऱ्या भागातली गर्दची वस्ती लहान मुलांनी बघायची नाही.

१९ जानेवारी, रविवार

खुर्च्या एकशेवीस, माणसं त्याहून जास्त. ड्रायव्हर दादा, चपलांचे काका आणि त्यांचे दोन कारागीर, हवालदार साहेब साध्या कपड्यांत, आई.

पाचव्या रांगेत एक आजी होत्या, त्यांना वाचायला येत नव्हतं. शेजारी कॉलेजातला नातू त्यांच्या कानाशी ओळी वाचत होता. मी मागे उभी होते, त्याचा आवाज येत होता. आओकीच्या प्रसंगात 'साहेब, माझं पोर' एवढं वाचून तो थांबला, कारण पुढे काही लिहिलेलं नव्हतं. आजींनी मान हलवली. पुढे काय म्हणून विचारलं नाही.

पंखे बंद केले तेव्हा एनोदेनचा खडखडाट पार दारापर्यंत ऐकू आला. 'सुखरूप'ला कोणीतरी मोठ्याने उसासा टाकला.

२१ जानेवारी

दुरुस्त्या: ओळ ४१२ फार घाईची, अर्धा सेकंद वाढवायची. ओळ ८८० मध्ये 'तपास' दोनदा. संचालकांच्या सुरुवातीच्या भांडणात भागभांडवलाचे टक्के कोणालाच कळले नाहीत, सोपं करायचं.

चपलांचे काका विचारतात, सुभाषनगरात कारागिरांसाठी एक खेळ होईल का, संध्याकाळी सातनंतर. आपली लेखी परवानगी एकाच बिनतिकीट खेळाची होती. वितरकाला आज पत्र टाकलं. आजींसारखी आणखी माणसं येतील, म्हणून त्या खेळाला मराठी ओळी कोणीतरी माइकवर वाचाव्यात असं सुचवणार आहे. आओकीच्या ओळी ड्रायव्हर दादांनी वाचायचं कबूल केलंय.